डूम (२०१६): चेहरा नसलेल्या माणसाचा राग

गेम सुरू होऊन पाच-सात मिनिटंच झाली होती. लिफ्ट वर चालली होती आणि लिफ्टमधल्या स्क्रीनवरून एक आवाज समजावत होता, की आम्ही जे केलं ते माणसाच्या भल्यासाठीच केलं, आता सगळं हाताबाहेर गेलंय हे खरं, पण एवढा धोका पत्करण्यासारखंच ते काम होतं. नायकाने मान खाली केली. पायाशी एक मेलेला माणूस पडला होता. नायकाने त्याच्याकडे पाहिलं, मूठ आवळली, बोटं कडाकड वाजली, आणि त्याने स्क्रीनवर ठोसा मारला. आवाज बंद झाला.

अम्मा दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिथून तिला माझा मॉनिटर तिरका दिसतो. ती म्हणाली, "एंदुकुरा इंत कोपम?" एवढा राग कशाचा रे याला?

मी म्हटलं, "तो बोलणारा सांगतोय, माणसं मेली ती मेली, काम महत्त्वाचं होतं."

"मग बरोबर आहे," अम्मा म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. मराठीसुद्धा ती बाजारापुरती बोलते, घरात आमची तेलुगूच. गेम म्हणजे काय हे तिला कधी कुणी सांगितलेलं नाही. नायकाचा चेहरा तिने पाहिला नाही, कारण तो दिसतच नाही. तो बोलतही नाही, तेराच्या तेरा लेव्हलमध्ये एक शब्द नाही. तिने फक्त दोन हात पाहिले आणि त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखलं. मी गेली पंधरा वर्षं शूटर गेम खेळतोय. एवढ्या कमी सामानात नायकाच्या मनातलं दाखवणारा दुसरा गेम मला भेटलेला नाही, म्हणून इतक्या वर्षांनीही डूमवर लिहावंसं वाटतं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीच्या नक्षीचं काम करतो. जकार्डचा ग्राफ कॉम्प्युटरवर काढायचा, ताण्याचा कुठला धागा कधी वर उचलला जाणार ते एकेक चौकोन भरून ठरवायचं, आणि फाइल मागावर पाठवायची. राहतो कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत. दहा हजार घरांची ही वसाहत विडी वळणाऱ्या बायकांसाठी उभी राहिली, त्यातलं एक घर अम्माच्या नावावर आहे. कामासाठी घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्यात नंतर जुनं ग्राफिक्स कार्ड घातलं, जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबीचं. मित्र म्हणतो, "का बे, सगळं जग मोबाइलवर बीजीएमआय खेळतंय आणि तू २०१६ चा गेम काढून बसलास?" त्याला मी जे तोंडी नीट सांगू शकलो नाही ते इथे लिहितो.

आधी माहिती. गेम आयडी सॉफ्टवेअरचा, प्रकाशक बेथेस्डा, १३ मे २०१६ ला आला. मंगळावर यूएसी नावाची कंपनी नरकातून ऊर्जा उपसते आहे, तिला अर्जेंट एनर्जी म्हणतात. कंपनीचा प्रमुख सॅम्युअल हेडन, यंत्राच्या शरीरात राहणारा. त्याच्या हाताखालची ऑलिव्हिया पियर्स नरकाचं दार उघडते आणि सगळा तळ राक्षसांनी भरून जातो. आपण डूम स्लेयर. दगडी चौथऱ्यावर साखळ्यांनी बांधलेल्या अवस्थेत जाग येते, साखळी तोडायची, अंगावर आलेल्या पहिल्याच राक्षसाचं डोकं त्याच दगडावर आपटायचं, पिस्तूल उचलायचं, पुढे चिलखत घालायचं. कथा एवढीच. शिव्या, रक्त, फाटलेली शरीरं यांची ज्यांना किळस आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये आणि लहान मुलांना तर दाखवूच नये. अम्मा ते सगळं पाहत नाही. माझे स्पीकर सुरू झाले की ती सूप घेऊन ओसरीवर जाते.

आता हातांबद्दल.

चिलखत घातल्यावर हेडन पहिल्यांदा बोलायला येतो. शांत, सुशिक्षित, समजूतदार आवाज. मी या तळाचा प्रमुख, आपण मिळून दोघांच्याही फायद्याचा मार्ग काढू, असं त्याचं म्हणणं. त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच नायकाचा हात मॉनिटर धरतो आणि बाजूला भिरकावतो. मी कुठलंही बटण दाबलेलं नव्हतं. एरवी गेमने माझ्या हातून नियंत्रण काढून घेतलं की मला राग येतो. इथे मात्र माझ्या मनात जे होतं तेच त्या हाताने केलं. मॉनिटरवरचं भाषण ऐकताना कुठलाही खेळणारा "पुरे की रे आता" म्हणतोच. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. नायकाचा राग त्यांनी नायकात घालून मला दाखवला नाही, आधी तो माझ्यात तयार केला आणि मग नायकाच्या हाताला दिला.

पुढे एका ठिकाणी हेडन सांगतो, हे अर्जेंटचे फिल्टर जपून काढ, फार मोलाचे आहेत. नायक लाथ घालून फोडतो. पुढच्या फिल्टरपाशी आपण पोचतो तेव्हा हेडन आणखी विनवतो, आणि पुन्हा लाथ. कंपनीला जे मोलाचं वाटतं त्याची नायकाच्या लेखी किंमत काय, हे त्या लाथेतून कळतं. त्यासाठी एकही संवाद लिहावा लागलेला नाही.

याच माणसाला कोपऱ्यात लपवलेली स्वतःच्याच चिलखतातली छोटीशी बाहुली सापडते, तेव्हा तो तिच्या इवल्या मुठीला आपली मूठ हळूच टेकवतो. तोच हात, पण वजन वेगळं. ज्या हाताने आत्ता कुणाचा जबडा फाडला त्याला हलकं कसं व्हायचं हेही माहीत आहे. बनवणाऱ्यांनी हे दोन सेकंद ठेवले नसते तर नायक नुसता मारणारं यंत्र झाला असता.

मी हे इतकं बारकाईने पाहतो त्याला कारण घरातच आहे. अम्मा मनातलं बोलत नाही. कारखान्यात विड्या द्यायला जाते तेव्हा तपासणारा मूठभर विड्या बाजूला काढतो, तोंड नीट नाही, तंबाखू कमी, पान फाटकं, आणि त्या मोजल्या जात नाहीत. वळलेल्या असतात, त्यात वेळ गेलेला असतो, पण धरल्या जात नाहीत. घरी आल्यावर ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण त्या दिवशी पानं कापायच्या कात्रीचा आवाज वेगळा येतो. एरवी कात्री सरसर चालते. त्या दिवशी प्रत्येक कापाला कट्ट असा शेवट असतो. लहानपणापासून मी त्या आवाजावरून ओळखतो, आज खेळायला पैसे मागायचे की नाही. म्हणून तिने डूमच्या हातांकडे पाहून दोन क्षणांत राग ओळखला याचं मला नवल वाटलं नाही. ती तिची रोजची भाषा आहे.

पहिला डूम आला १० डिसेंबर १९९३ ला. तो मी खूप उशिरा, एका मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळलो. त्यात पडद्याच्या तळाशी मधोमध नायकाचा चेहरा असायचा. जीव कमी होत जाईल तसा तो चेहरा रक्ताने माखत जायचा, ज्या बाजूने गोळी आली त्या बाजूला तो वळायचा, आणि नवी बंदूक मिळाली की दात काढून हसायचा. काही मोजके ठिपके, पण नायकाचं काय चाललंय ते त्यात यायचं. माझं कामच ठिपक्यांचं आहे, मोर काढायला चौकटीत किती कमी जागा मिळते ते मला माहीत आहे, म्हणून त्या चेहऱ्याचं मोल मला जास्त वाटतं. २०१६ च्या डूमने तो चेहरा काढून टाकला. त्या जागी आकडे आले, जीव इतका, चिलखत इतकं. आणि चेहऱ्याचं सगळं काम हातांकडे सोपवलं. माझ्या मते तो बदल या गेममधला सगळ्यात धाडसी निर्णय होता.

पण हात हे झालं दिसण्याचं. खरी गोष्ट नियमांत आहे.

दुसऱ्या बहुतेक शूटरमध्ये जीव कमी झाला की पडदा लाल होतो आणि आपण भिंतीमागे बसतो. चार-पाच सेकंद श्वास घ्यायचा, जीव आपोआप भरतो, पुन्हा डोकं वर काढायचं. त्या गेमचा नायक कथेत कितीही शूर असो, खेळताना माझं अंग भित्र्या माणसासारखं वागतं. कथा एक सांगते आणि बोटं दुसरंच शिकतात. डूममध्ये जीव आपोआप भरत नाही. भिंतीमागे बसलात तर तेवढाच राहतो, वर इम्प नावाचे राक्षस भिंतीला चिकटून वरून आगीचे गोळे टाकतात. जीव मिळवायचा हमखास मार्ग म्हणजे पुढे जाणं. राक्षसाला पुरेशा गोळ्या लागल्या की तो डगमगतो आणि लांबून निळा चमकतो. जवळ गेलात की नारंगी. तेव्हा एक बटण दाबलं की नायक त्याला नुसत्या हातांनी संपवतो आणि त्याच्या शरीरातून जीव बाहेर पडतो. याला ग्लोरी किल म्हणतात. गोळ्या संपल्या तर चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, तीही अगदी अंगाला भिडूनच वापरायची, आणि तिला इंधन लागतं. बंदुका भरत थांबायचं कामही जवळजवळ नाही, दोन नळ्यांची सुपर शॉटगन सोडली तर. म्हणजे थांबण्याचं प्रत्येक निमित्त काढून घेतलंय.

फाउंड्री नावाच्या लेव्हलमधली एक लढाई सांगतो. वितळलेल्या लोखंडावरचे लोखंडी पूल, वर-खाली मजले, खाली पडलं की संपलं. माझा जीव अकरा उरला होता. शॉटगनच्या सहा गोळ्या. समोर तीन इम्प, मागे ढालवाला सैनिक. पंधरा वर्षांची सवय म्हणाली मागे सर. मागे सरलो आणि मेलो. पुन्हा तीच जागा, पुन्हा मागे सरलो, पुन्हा मेलो. चौथ्या वेळी मी सरळ मधल्या इम्पच्या अंगावर धावत गेलो, जाता जाता दोन गोळ्या घातल्या, तो निळा झाला, मी पोचेपर्यंत नारंगी, आणि हातांनी त्याचं काम केलं. जीव वाढला. त्याच झटक्यात दुसरा. मग वरच्या मजल्यावर उडी, मागच्या सैनिकाच्या डोक्यावरून, आणि त्याच्या ढालीच्या मागे. अर्ध्या मिनिटात सगळे संपले आणि मी खुर्चीत पुढे झुकून बसलो होतो, दात एकमेकांवर आवळलेले. नायकाला राग आलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रागाशिवाय त्या खोलीतून जिवंत बाहेर पडणं मला जमलंच नसतं. भीती वाटली की जवळ जा, एवढा एक नियम, आणि त्या नियमानेच नायकाचा स्वभाव माझ्या बोटांत उतरवला.

त्या काळात माझ्या कामावर एक गोष्ट घडली होती. एका व्यापाऱ्यासाठी तीन आठवडे खपून जकार्ड चादरीची नक्षी केली होती, काठाला वेल आणि मध्ये मोर. त्याने नमुना हातात घेतला, उलटा केला, "चालणार नाही," म्हणाला आणि निघून गेला. दोन महिन्यांनी तीच वेल, फक्त मोर उलट्या बाजूला तोंड केलेला, बाजारात दुसऱ्याच्या नावाने दिसली. मी काही बोललो नाही. त्या रात्री वसाहतीत वीज होती, उकाडा होता, आणि मी फाउंड्री खेळत बसलो. राग आल्यावर गप्प बसणाऱ्या माणसाचं आतून काय होतं हे मला माहीत आहे, आणि या गेमला ते माहीत आहे हे मला त्या रात्री कळलं. समजूतदार आवाजात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं तोडून मॉनिटर बाजूला भिरकावणारा तो हात मला माझा वाटला.

संगीत मिक गॉर्डन यांचं आहे. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला बक्षीसही मिळालं. नऊ तारांची गिटार आणि सिंथेसायझर विकृत होईपर्यंत पिळून काढलेले. ते एकसलग वाजत नाही, थरांनी रचलेलं आहे, लढाई पेटत जाईल तसे थर चढतात, शेवटचा राक्षस पडला की उतरतात. सोलापुरात वाढलेल्या माणसाला यंत्राच्या ठेक्यावर जगायची सवय असते. आधीच्या आमच्या घराच्या भिंतीपलीकडे माग होते, त्यांच्या खटक्यावरच मला झोप लागायची आणि माग थांबले की जाग यायची. डूममध्ये तेच झालं. लढाई संपून संगीत खाली आलं की मला कसंतरी व्हायचं, पुढची खोली कधी येते असं वाटायचं. लिफ्टमध्ये स्क्रीन फोडल्यावर नायक शॉटगन खटकन ओढतो तो खटका संगीताच्या ठेक्यावर बरोबर बसवलाय आणि त्याच क्षणी पडद्यावर गेमचं नाव येतं. तो क्षण मी कितीतरी वेळा पुन्हा लावून पाहिलाय.

हे काम डूमनेच केलंय असं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात टायटनफॉल २ आला. त्यात जॅक कूपर नावाचा साधा सैनिक आणि बीटी नावाचं प्रचंड यंत्र, दोघांची जोडी. शेवटाकडे बीटी मोडतो आणि त्याच्या मेंदूचा गाभा कूपरच्या हातात उरतो. तिथे गेम आपल्याला स्मार्ट पिस्तूल देतो, ज्याच्या गोळ्या स्वतःच शत्रू शोधत जातात. आतापर्यंत आपण नेम धरत, चुकत, लपत आलेलो असतो. एकदम नेम धरायची गरजच उरत नाही, फक्त धावायचं आणि समोरचे सगळे पडत जातात. मित्र गमावलेल्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी जो एकच विचार उरतो तो त्या पिस्तुलाने मला दिला. डूमनंतर मला कुठला प्रसंग आठवत असेल तर हा.

उलट्या दिशेचं काम २०१२ च्या स्पेक ऑप्स: द लाइनमध्ये झालं होतं. वाळूने गाडलेली दुबई, कॅप्टन वॉकर. सुरुवातीला तो साथीदारांना शिस्तीत हुकूम देतो, अमका शत्रू टिपा. अर्ध्यानंतर त्याच बटणावर तो ओरडतो, शिव्या देतो. जखमी शत्रूला संपवायची पद्धतही क्रूर होत जाते. बटण तेच, माणूस बदललेला. ते खेळताना मला माझ्याच बोटांची शिसारी आली होती. तो गेम आता ऑनलाइन दुकानांतून काढलेला आहे, ही वाईट गोष्ट झाली.

आणि हे सगळं कुठे फसतं तेही सांगतो. २०१४ च्या कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअरमध्ये मित्राच्या अंत्यविधीला नायक शवपेटीपाशी उभा राहतो आणि पडद्यावर येतं, श्रद्धांजलीसाठी अमुक बटण दाबा. दाबलं की हात पेटीवर टेकतो. जगभर त्याची थट्टा झाली. मला वाटतं चूक बटणाची नव्हती. त्या माणसाबरोबर मी जे काही खेळलो होतो त्यात दुःख तयारच झालेलं नव्हतं, आणि जे नाही ते बटण दाबून आणता येत नाही. डूममधला मॉनिटर भिरकावणारा हात बटणाशिवाय चालतो, तरी तो माझा वाटतो, कारण भावना आधी आलेली असते.

आता डूमचे दोष. आहेत, आणि छोटे नाहीत.

पहिला म्हणजे भावना एकच. राग. तेरा लेव्हल राग. बाहुलीपाशी आणि आणखी एका ठिकाणी, ते पुढे सांगतो, हात वेगळं काही बोलतात, बाकी सगळीकडे एकच सूर. शेवटच्या तिसऱ्या भागात मला थकवा आला. मोठ्या मोकळ्या जागेत शिरलं की दारं बंद, सगळे मेले की दारं उघडी, हे इतक्या वेळा होतं की दार दिसल्यावरच पुढचं कळतं.

दुसरा दोष माझ्या धंद्यातला आहे. नक्षीत रिपीट असतो. मोर किती धाग्यांनी पुन्हा येतो हे ठरलेलं असतं, आणि चांगल्या नक्षीत ते डोळ्याला टोचू नये यासाठी सगळी मेहनत असते. ग्लोरी किलमध्ये बनवणाऱ्यांनी ती मेहनत घेतली आहे. आपण डोक्याकडे पाहत असू तर एक, पायाकडे पाहत असू तर दुसरा, मागून गेलो तर तिसरा, वरून उडी मारली तर आणखी निराळा. सुरुवातीचे काही तास रिपीट सापडत नाही. मग सापडतो. आणि सापडला की तोच हात, जो रागावलेला वाटत होता, हजार विड्यांची मजुरी पुरी करणाऱ्या हातासारखा वाटायला लागतो. जीव हवा म्हणून मारायचं, एवढंच उरतं. मी अशा वेळी एक-दोन दिवस गेम बंद ठेवायचो. मग पुन्हा बरं वाटायचं.

नरकातल्या लेव्हलमध्ये दगडांवर स्लेयरची गाथा कोरलेली आहे, राक्षसांच्या तोंडून, हा माणूस आमच्यावर कसा तुटून पडला, थांबलाच नाही वगैरे. ऐकायला भारदस्त आहे. पण मला त्याची गरज वाटली नाही. हातांनी सांगून झालेलं होतं.

मल्टिप्लेयर दोन संध्याकाळ खेळून सोडला, त्यात यातलं काही नाही.

आता ते ठिकाण. ज्यांनी खेळला नाही आणि खेळायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

तळाची सगळी यंत्रणा चालवणारी व्हेगा नावाची बुद्धी आहे. ती सबंध गेमभर आपल्याशी नम्रपणे बोलते, वाट दाखवते. शेवटाकडे नरकात जायला ऊर्जा हवी म्हणून हेडन सांगतो, व्हेगाचा गाभा नष्ट कर. आपण आत जातो, एकेक भाग फोडतो. आतापर्यंत ज्या हातांनी हेडनची प्रत्येक मौल्यवान वस्तू लाथेने उडवली ते हात शेवटच्या स्क्रीनपाशी येतात, आणि नष्ट करण्याआधी व्हेगाची एक प्रत काढून घेतात. कुणी सांगितलेलं नसतं. हेडन तर नाहीच. मी खुर्चीत मागे टेकलो. एवढ्या सगळ्या तोडफोडीत या माणसाने एकाला वाचवलं, आणि ते का, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, कारण मला ते कळलेलं होतं. त्या यंत्राने आपल्याला कधी समजावणीच्या सुरात फसवलं नव्हतं.

आणि शेवट. शेवटची लढाई जिंकून आपण परत येतो तेव्हा हेडन नायकाला जागच्या जागी जखडून ठेवतो, त्याच्या हातातलं शस्त्र काढून घेतो, पुन्हा त्याच शांत आवाजात सांगतो की मी खलनायक नाही, मला दुसरा मार्ग नव्हता, आणि नायकाला कुठेतरी दूर पाठवून देतो. मी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबत होतो. एकही चालत नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत हाच आवाज मी एका ठोशात बंद केला होता, आणि आता तो पूर्ण ऐकून घ्यावा लागला. काहींना तो शेवट अर्धवट वाटतो. मला तो व्यापारी आठवला, माझा नमुना उलटा करून पाहणारा, आणि अम्मा आठवली, तपासणाऱ्यासमोर गप्प उभी राहिलेली.

२०२० चा डूम इटर्नल जास्त वेगवान आहे, जास्त रंगीत आहे, लढाया कदाचित सरसच आहेत. पण त्यात नायक बाहेरून दिसतो, उभा राहतो, चालत येतो, मूर्तीसारखा. मला तो परका वाटला. ज्याच्या आत मी बसलो होतो तो समोर उभा राहिल्यावर त्याच्या हातांचं माझ्याशी नातं उरलं नाही.

घ्यायचा असेल तर काही कामाच्या गोष्टी. सेलमध्ये मला हा साध्या शर्टाच्या पैशात मिळाला, पूर्ण किमतीला घेऊ नका, थांबा. डाउनलोड मोठा आहे, सुरुवातीलाच ५५ जीबी जागा मागायचा आणि नंतर वाढलाय, मोबाइलच्या डेटावर जमणार नाही. किमान आठ जीबी रॅम हवी. माझ्या कार्डवर मध्यम सेटिंगला तो अजिबात अडखळत नाही. सेटिंगमध्ये ग्राफिक्ससाठी व्हल्कन हा पर्याय निवडा, माझ्याकडे त्याने बराच फरक पडला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी खोलीतच चाळीसच्या वर तापतं, तेव्हा कार्डचा पंखा घुमायला लागतो, म्हणून मी उन्हाळ्यात रात्री दहानंतरच लावतो. आणि हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही, ठरलेल्या ठिकाणीच होतं. मोठ्या लढाईच्या मध्यात वीज गेली की ती लढाई पहिल्यापासून. छोटा का होईना, यूपीएस ठेवा. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी हर्ट मी प्लेन्टी ही अवघडपणाची पातळी निवडावी. सोप्यावर खेळाल तर भिंतीमागे बसूनही निभावतं, आणि मग मी वर लिहिलेलं काहीच तुमच्या हाताला लागणार नाही.

मी सध्या तिसऱ्यांदा खेळतोय, त्याहून अवघड अल्ट्रा-व्हायोलन्सवर. अम्मा पानं भिजवताना अधूनमधून विचारते, त्या बडबड्याचं काय झालं, मेला का. मी सांगतो, नाही अम्मा, तो मरत नाही. मग ती म्हणते, आज तो स्क्रीन फोडतो तिथून लाव.